पायऱ्यांपाशीच घाण का?

तळ्यावर तिला सगळे बाटलीबाई म्हणत. नवख्या माणसाचा भलताच समज व्हायचा, पण तिच्या बाटल्यांत जायचं ते फक्त तळ्याचं पाणी. दर सोमवारी ती कमरेइतक्या पाण्यात उतरे, बाटली पाण्याखाली नेऊन उघडे, भरून बर्फाच्या पेटीत ठेवी आणि प्रयोगशाळेत नेई. विष्ठेतले जंतू किती, ते दुसऱ्या दिवशी कळे. जास्त निघाले की पोहायच्या पायऱ्यांवर मनाईचा लाल फलक लावायचा, हेही तिच्याच गळ्यात.

त्या उन्हाळ्यात फलक लागला तो तीन आठवडे हलेना. आणि तिथे रोज सकाळी पोहणाऱ्या म्हाताऱ्यांचे म्होरके तिचेच सासरे, निवृत्त मुख्याध्यापक. चाळीस वर्षं पोहतोय, आम्हाला काय धाड भरली, असं ते जेवताना भिंतीला ऐकवत. नवरा ताटातून मान वर काढत नसे. एकदा तर सासऱ्यांनी फलकावरच टॉवेल वाळत घालून उडी मारली. पुढचे दोन दिवस त्यांचा मुक्काम संडासात होता. रात्रीचा भात बाधला म्हणाले. तोच भात बाकी सगळ्यांना पचला होता.

तिला कोडं वेगळंच होतं. मधलं पाणी स्वच्छ, पलीकडच्या काठाचं स्वच्छ, घाण फक्त पायऱ्यांपाशी. जवळपास गटार नाही, ते तिने दोनदा पाहिलं होतं. शेवटी एका बुधवारी उजाडताच ती तिथल्या बाकावर जाऊन बसली.

थोड्या वेळाने सासरे आले. पिशवीतून अख्खा पाव काढून तुकडे टाकू लागले, तशी पन्नास-साठ बदकं तुटून पडली. एका टोकाने खात होती आणि दुसऱ्या टोकाने हिशेब चुकता करत होती. पायऱ्या पांढऱ्या पडल्या होत्या. एरवी ती दुपारी यायची, तोवर झाडूवाल्याने सगळं पाण्यात लोटलेलं असे.

ती शेजारी जाऊन उभी राहिली. हे कधीपासून, असं तिने विचारलं. फाल्गुनात सासूबाई गेल्या तेव्हापासून, ते म्हणाले. आणि मग पाण्याकडे बघत, "घरी कुणाला वेळ असतो? ही निदान ऐकतात."

"ऐकत नाहीत बाबा, हगतात."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, सासऱ्यांपुढे असला शब्द कधी तोंडातून निघाला नव्हता. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, मग हातातल्या पावाकडे, आणि त्यांना असं हसू फुटलं की खालीच बसावं लागलं. हसता हसता डोळे पुसायची वेळ आली आणि ते बराच वेळ पुसतच राहिले. ती बाजूला बसून राहिली.

पाव बंद झाला. बदकं चार दिवस आशेने घिरट्या घालून पांगली. पायऱ्या घासून घेतल्या आणि तिसऱ्या सोमवारी आकडा खाली आला. तिने फलक काढला. पाणी पहिल्यापासून चांगलंच होतं, यांची यंत्रं आत्ता सुधारली, असं सासऱ्यांनी दोस्तांना सांगितलं.

हल्ली सोमवारी बर्फाची पेटी तेच उचलतात आणि प्रयोगशाळेपर्यंत शाळेतल्या गोष्टी सांगत येतात. तपासणीला आलेल्या साहेबाची खुर्ची मोडल्याची गोष्ट तिने पाच वेळा ऐकली आहे. परवा तीच गोष्ट पुन्हा निघाली, तेव्हा तिने विचारलं, "मग साहेब काय म्हणाले, बाबा?"