मरायचं काम

नागनाथ मरायचा फार छान. हे वाचून कुणाला वाटेल की मास्तरचं डोकं फिरलंय, पण त्र्याहत्तर साली आमच्या बोरी गावात कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. नागनाथ येलदरीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचा आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळायचो. एकाच वस्तीतले, एकाच वयाचे. दरवर्षी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमासाठी मी काहीतरी लिहायचो आणि तो त्यात काम करायचा. त्या वर्षी मी 'खडी' नावाचं नाटक लिहिलं. कामावरचा मजूर उन्हात कोसळतो आणि मरता मरता मुकादमाला चार वाक्यं सुनावतो, असा त्याचा शेवट होता. ती चार वाक्यं लिहायला मला आठ दिवस लागले होते.

ती कुणी ऐकलीच नाहीत. नागनाथ असा काही कोसळला की पुढं बसलेल्या दोन बाया पाण्याचा तांब्या घेऊन उठल्या. मग एकच गलका झाला आणि माझी वाक्यं त्या गलक्यात गेली. परभणीच्या स्पर्धेतही तेच. अभिनयाचा कप नागनाथला मिळाला आणि लेखनाच्या यादीत माझं नाव शेवटूनही सापडलं नाही. माझ्या पोटात दुखलं. आता लपवून काय करायचं? चांगलंच दुखलं.

त्या स्पर्धेला मुंबईच्या एका सिनेमा कंपनीतला माणूस आला होता. त्यानं नागनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू मुंबईला ये. इतकं चांगलं मरणारा माणूस आमच्याकडे नाही." सहा महिन्यांत नागनाथ मुंबईला गेला. त्याची आई कुसुमबाई त्याला एस.टी.त बसवायला आली होती. नवरा लवकर गेलेला, हा एकच लेक, तोही रोजंदारीवर वाढवलेला. गाडी गेल्यावर तिनं मला विचारलं, "सूर्यभान, तिकडं काय काम करनार हाय रे ह्यो?"

"सिनेमात काम करंल, मावशी. पडद्यावर दिसंल आपल्याला."

ती हरखली. पंच्याहत्तरच्या हिवाळ्यात बाजाराच्या पटांगणात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला आणि नागनाथ खरंच पडद्यावर दिसला. दरोडेखोर गावात शिरतात, तो काठी घेऊन आडवा येतो आणि गोळी लागून पडतो. सगळं मिळून दीड मिनिट. बायकांच्या बाजूनं असा हंबरडा उठला की मशीनवाल्यानं खेळ बंद करून दिवे लावले. कुसुमबाई जमिनीवर लोळत होती. मधली कनात उचलून मी तिकडं गेलो आणि चारचौघांत तिच्यावर ओरडलो.

"मावशी, उठ. कशाला रडायलीस? खोटं हाय ते समदं."

"माझं लेकरू मेलं रे."

"मेलं न्हाई. सिनेमात जे दाखिवतेत ते खोटं असतंय. पडला, रंग पुसला, उठून जेवायला गेला. त्याचं कामच हाय ते मरायचं. जितक्यांदा मरंल तितक्यांदा त्याला जेवायला भेटंल. उलट हसाय पायजे तू."

लोक हसले. मला वाटलं, शहाणपणाचं बोललो. आठ दिवसांनी नागनाथचं पत्र आलं, मीच ते तिला वाचून दाखवलं आणि तिची खात्री पटली. पुढच्या दोन सिनेमांतही तो मेला. एकात पुरात वाहून गेला, एकात हीरोच्या गाडीखाली आला. आता मावशी पदर तोंडाला लावून हसायची आणि शेजारणीला सांगायची, "उठला असंल आता. चहा पेत असंल." गावातली टवाळ पोरं नागनाथ किती वेळात मरतो यावर पैजा लावायची.

त्या काळात नागनाथनं मला एक पत्र लिहिलं. ते पत्र मी कुणालाच वाचून दाखवलं नाही. 'गुरुजी, मरून मरून कंटाळा आलाय. इथं मला बोलायला देत नाहीत, नुसतं पाडतात. एक नाटक लिहा, ज्यात मी शेवटपर्यंत जित्ता राहील. मी गावात येऊन करतो.' मी त्याला उत्तर धाडलं की लेखक कुणाच्या फर्माइशीवर लिहीत नसतो. असलं ठसक्यातलं वाक्य लिहायला मला आठ मिनिटंही लागली नाहीत. तो गेल्यापासून मी दोन नाटकं लिहिली होती आणि दोन्ही प्रयोगांना अर्धी माणसं मधूनच उठून गेली होती. राग त्यांचा होता, काढला त्याच्यावर. नंतर मी नाटकं लिहिणंच सोडलं.

सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत तार आली. नागनाथ काविळीनं दवाखान्यात वारला, निघा. पोस्टमननं ती शाळेत माझ्या हातात दिली. मी वर्ग तसाच सोडून कुसुमबाईकडे गेलो. ती दारात तुरी पाखडत होती. मी तिला काय आणि कसं सांगितलं ते मला आठवत नाही, पण ती काय म्हणाली ते चांगलं आठवतं. सूप खाली न ठेवता ती म्हणाली, "मंग? लवकरच आला म्हनायचा ह्यो सिनेमा. तंबू कुटं लागलाय, जिंतूरला?"

"मावशी, सिनेमा न्हाई. तार आलीय. कावीळ झाल्ती त्याला. दवाखान्यात गेला."

"त्याचं कामच हाय ते. तूच म्हनलास."

मी तिच्या पाया पडलो. शेजारच्या बायांनी गळ्यात पडून रडायला सुरुवात केली तर ती त्यांच्यावरच खवळली. दुपारची एस.टी. गेली, संध्याकाळची जायला आली, तरी ती उठेना. शेवटी मी एकटाच निघालो. परभणीहून रेल्वे, मनमाडला गाडी बदलली आणि मुंबईत पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं. तार आमच्यापर्यंत यायलाच दोन दिवस लागले होते. त्याच्या खोलीत राहणाऱ्या बन्सीधर नावाच्या माणसानं आणि आणखी चार नटांनी त्याला पोचवलं होतं, राख समुद्रात सोडली होती. बन्सीधरही पडद्यावर मार खाणाराच. त्यानं मला नागनाथची पिशवी दिली. दोन सदरे, एक आरसा आणि कंपन्यांना दाखवायचे फोटो. मी खाली फुटपाथवर बसून ते फोटो बघितले आणि लहान पोरासारखा रडलो. मावशीनं हे बन्सीधरच्या तोंडून ऐकायला हवं होतं. तिला नेता आलं नाही ही माझी चूक, आणि तिला तसं शिकवलं कुणी, तर तेही मीच.

पिशवी घेऊन परत आलो. मावशीनं फोटो एकेक करून बघितले. एका फोटोत नागनाथ डोळे उघडे ठेवून पडला होता, छातीवर लाल रंग होता. तो तिनं माझ्यापुढं धरला.

"ह्योच दाखिवला असंल तुला. तू बी फसलास का रे, मास्तर असून?"

आमच्यात माणूस गेला की जलदानाचा विधी करतात. वंदना होते, गणगोत जमतं, गेलेल्याबद्दल चार शब्द बोलतात. नागनाथचं जलदान मावशीनं होऊ दिलं नाही. वस्तीतली जाणती माणसं समजवायला गेली, तिनं दार लावून घेतलं. पत्र येत नाही म्हणून तिनं पोस्टमनशी भांडण काढलं. दिवाळीला त्याच्यासाठी सदऱ्याचं कापड घेतलं. लोक म्हणायला लागले की म्हातारी भ्रमिष्ट झाली. ती भ्रमिष्ट नव्हती. शेतातलं तिचं काम चोख होतं, हिशोबात कुणी तिला फसवू शकत नव्हतं. तिनं फक्त माझं एक वाक्य धरून ठेवलं होतं. मी लिहिलेल्या-बोललेल्या शेकडो वाक्यांपैकी कुणीतरी मनापासून धरून ठेवलेलं ते एकच, आणि ते मला परत घेता येत नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर संपता संपता पुन्हा तंबू लागला. नागनाथनं आजारी पडायच्या आधी काम केलेला सिनेमा गावात आला होता. मला जायचं नव्हतं. पण मावशी पांढरं लुगडं नेसून माझ्या दारात आली आणि म्हणाली, "चल, लेकराला बघून येऊ." कसा नाही म्हणणार? त्या वर्षी गर्दी इतकी होती की मधली कनात काढूनच टाकली होती, म्हणून मी तिच्याशेजारी बसलो.

नागनाथ त्यात बैलगाडीवाला होता. पहिल्या अर्ध्या तासातच तो आला. पोरं मागून कुजबुजायला लागली, "आता मरंल, आता मरंल." मरेना. गावात आग लागली, त्यातून तो हीरोच्या आईला बाहेर काढून आला. मारामारी झाली, त्यात डोकं फुटलं, पट्टी बांधून पुन्हा आला. आणि तो बोलला. हीरोइनच्या वरातीत गाडी हाकताना मागं वळून म्हणाला, "चला लवकर, उशीर व्हायलाय." आपली बोली ऐकून अख्खा तंबू हसला. शेवटी नवरानवरीला गाडीत बसवून तो बैलांच्या पुढं नाचत नाचत चालला होता आणि तसाच सिनेमा संपला.

मी मावशीकडे बघितलं. ती हसत नव्हती. पडदा पांढरा झाला, लोक उठले, धूळ उडाली, तरी ती तिथंच बसली होती. मी हात धरून तिला उठवलं. आम्ही वस्तीच्या वाटेला लागलो.

अर्ध्या वाटेत ती म्हणाली, "सूर्यभान, सिनेमात दाखिवतेत ते खोटं असतंय, असंच म्हनलास नं तू?"

मी हो म्हणालो.

"मेलेला दाखिवला तवा माझं लेकरू जित्तं व्हतं."

"हाव, मावशी."

"आज त्याला शेवटपर्यंत जित्ता दाखिवला."

मला तिचं म्हणणं समजलं. तिला सांगावं वाटलं की असं नसतं, सिनेमाचा आणि जगण्यामरण्याचा काही संबंध नसतो. पण दोन वर्षं गावानं समजावून जे तिला पटलं नव्हतं ते तिला पटलं होतं, आणि ते खरं होतं. ती रस्त्याच्या कडेला बसली आणि रडली. पहिल्या सिनेमाच्या वेळी रडली होती तशी नाही. आवाज न करता, बराच वेळ. मीही तिच्याजवळ मातीत बसलो आणि ह्यावेळी तिला उठ म्हणालो नाही.

शेवटी तिनं पदरानं डोळे पुसले.

"रविवारी शाळा नसती नं तुझी?"

"नसती."

"मंग रविवारी जलदान करू. समद्यायला सांगावा दे. अन् त्याच्याबद्दल चार शब्द तूच बोल."

रविवारी सगळी वस्ती जमली. वंदना झाली, माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो आणि मला एक शब्दही बोलता आला नाही.