पियानोवाल्याचा कान

पियानो सुरात लावून देणं हाच ज्याचा धंदा, त्याचा कान गेला तर उरलं काय? मास्तरांना आठवडाभर हीच धाकधूक लागली होती.

झालं असं, की मुलानं जुन्या लॅपटॉपवर लिनक्स नावाची फुकटातली सिस्टिम टाकून दिली आणि त्यात फुकटातले सिंथेसायझर भरले. खरं वाद्य एकही नाही, सगळा पडद्यावरच्या बटणांचा कारभार. मास्तरांनी आधी नाक मुरडलं, मग असे चिकटले की समोरचा चहा गार होऊन जायचा. पण गेल्या सोमवारी नवी चाल बांधायला बसले, तर प्रत्येक सूर किंचित उतरलेला. मुलाला ऐकवलं.

"छान आहे की, बाबा. कुठे काय बिघडलंय?"

म्हणजे बिघडलाय तो आपलाच कान, मास्तरांनी धरूनच टाकलं. मास्तरांचे वडीलही पियानोच लावायचे, आणि त्यांचा कान असाच फिरला होता; आधी सूर गेले, मग ऐकणंच. हत्यारांच्या पेटीतला नादकाटा, तो एकच अचूक सूर देणारा पोलादी चिमटा, काढून वाजवला असता तर लगेच सोक्षमोक्ष लागला असता. पण तोच तर नको होता! दोन गिऱ्हाइकांना त्यांनी पाठदुखीची थाप मारली.

आज सकाळी मात्र, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे म्हणत, त्यांनी सिंथचा एक सूर धरून ठेवला, नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा टेबलावर टेकवला. दोन्ही आवाज एकमेकांशी भांडून थरथरायला लागले. सूर एक असते तर ही थरथर झालीच नसती. म्हणजे कान नव्हे, कॉम्प्युटर उतरला होता.

सेटिंग उघडलं आणि मास्तरांनी कपाळावर हात मारला. त्या सोमवारच्या आदल्याच दिवशी एका शाळेचा म्हातारा पियानो, तारा तुटतील म्हणून, त्यांनी खालच्या सुरात लावला होता. त्याच्याबरोबर वाजवून बघायला सिंथही तेवढाच खाली ओढला, आणि तेच कायमचं म्हणून सेव्ह करून आले. स्वतःच केलेली करणी!

हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. तसेच स्वयंपाकघरात गेले आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. "कान शाबूत आहे गं माझा. उगाच अर्धमेला झालो होतो."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तुम्ही गिऱ्हाइकं टाळायला लागलात, तेव्हाच मला आला होता संशय. मामंजींचं मी पाहिलंय ना. म्हणून तर आठवडाभर ओरडून बोलतेय तुमच्याशी."

"अगं, मला वाटलं तू रागावली आहेस."

"रागावलेही होते. मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली, अगदी हळू, आणि त्यांना शब्द न् शब्द ऐकू आला.