तिसरा महिना सरेपर्यंत

सासूबाईंचं म्हणणं एकच: तिसरा महिना सरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. गेल्या वर्षी मी आनंदाच्या भरात सगळ्या नातेवाइकांना लवकर सांगून बसले आणि दहाव्या आठवड्यात सगळं संपलं. तेव्हापासून त्यांच्या लेखी दोष माझ्या जिभेचा. मी एक्स-रे टेक्निशियन. पोटातल्या जिवाला किरणांचा काय धोका असतो हे मला शिकवलेलं आहे, दिवस गेले की दवाखान्यात कळवायचं हा नियमही पाठ आहे. तरी या खेपेलाही मी गप्प होते. भीतीपुढे शिक्षण कुठलं टिकायला!

त्या सकाळी केडगावजवळच्या आमच्या दवाखान्यात जामखेडच्या चांगुणाबाई टेबलावर पालथ्या झोपल्या होत्या, तेवढी जागा बधिर केलेली पण पूर्ण शुद्धीत. लघवी धरवत नाही म्हणून पाच वर्षं त्या एसटीत बसल्या नव्हत्या, सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेल्या नव्हत्या. माकडहाडाच्या वर, लघवीवर ताबा ठेवणाऱ्या नसेपाशी डॉक्टर रविराज बारीक तार बसवणार होते. मी शिशाचा जड एप्रन घालून सी-आर्म धरून उभी. ऑपरेशन चालू असताना आतलं दाखवणारं हे एक्स-रे यंत्र. डॉक्टरांनी पेडल दाबलं की किरणं सुरू.

सुईतून हलका करंट दिला. पायाचा अंगठा वाकला, हवा तसाच.

"मावशी, मुंग्या कुठे येतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोटरीत."

पोटरीत म्हणजे नस चुकली. त्यांनी सुई जराशी सरकवली, पेडल दाबलं. पुन्हा करंट, पुन्हा अंगठा वाकला, पुन्हा "पोटरीत." पुन्हा पेडल. असं चार वेळा झालं. मला बाईचा संताप आला, आणि मग एकदम उमगलं. अंगठा बरोबर वाकतोय, म्हणजे सुई जागेवरच आहे. पुरुष डॉक्टरसमोर ही बाई नको त्या जागेचं नाव घेईल कशी?

मी त्यांच्या कानाशी वाकले. "मावशी, खरं कुठं येतायत?"

"कसं सांगू पोरी? गडीमानूस हाय."

"तुम्ही पोटरी म्हणता, म्हणून किरणं वाढतायत. तुमच्या अंगावर, आणि..." मी आवाज आणखी खाली आणला. "मला दुसरा महिना चालू आहे. इथं कुणाला ठाऊक नाही."

त्या उशीवरून मान उचलून मोठ्यानं म्हणाल्या, "डाक्टर, पोटरीत न्हाई. लगवीच्या जागंला येत्यात मुंग्या. पैल्यापास्नं तितंच हुत्या, मी खोटं बोल्ले. आन ही पोरगी पोटुशी हाय. हिला आदी भाईर काढा."

डॉक्टरांचा पाय पेडलवरून निघाला. "सुकन्या?"

नाही म्हणावंसं वाटलं. "हो, सर," मी म्हणाले.

"बाहेर जा. पुढचं मी हाताच्या अंदाजानं करतो. शेवटचा एक फोटो दुसरं कुणी काढेल."

मी कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले. आधी चांगुणाबाईंचा राग आला, मग रडू आलं. गेल्या वर्षीही दहा आठवडे मी याच यंत्रापाशी उभी होते. त्यामुळेच गेलं असेल असं नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण जिभेचा दोष मी मुकाट्यानं पदरात घेतला होता, कारण तो सोसायला सोपा होता.