कोर्कोर आजीची आगाऊ जाहिरात

अड्जेलीने जाहिरातींचं पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"कोण गेलं, आजी?"

"कुणी नाही. माझीच लिहून घे."

कोर्कोर आजी खिडकीपाशी ठाम उभी होती. साठ वर्षं जेम्सटाउनच्या बाजारात मासळी विकून तिचा आवाज असा झाला होता, की ती कुजबुजली तरी तिसऱ्या दुकानात ऐकू जावं. म्हातारीचं काहीतरी बिनसलंय, असं अड्जेलीला वाटलं. तिचं स्वतःचं डोकं तरी कुठे ठिकाणावर होतं? चोवीस वर्षं ती सरकारी दूरचित्रवाणीवर संध्याकाळी इथल्या लोकांच्या गा भाषेतल्या बातम्या वाचत होती. माणसं कमी केल्यापासून दिवसा जाहिराती घ्यायची ही खिडकीही तिच्याच गळ्यात पडली होती. आता शुक्रवारपासून त्या बातम्याच बंद. टीव्हीच्या परवान्याचे पैसे कुणी भरत नाही, सरकार हात आखडतं, आणि साबणवाल्यांना गा भाषेत साबण विकायचा नाही. राहता राहिल्या अंत्यविधीच्या जाहिराती. त्याही लोक हल्ली मोबाइलवर फिरवतात.

"तुम्ही तर चांगल्या ठणठणीत आहात."

"म्हणून तर चालत आले. मी मेल्यावर पोरं इंग्रजीत देऊन मोकळी होतील. माझ्या मैत्रिणींना कळायचंही नाही मी गेले ते. तू लिही. गा बातम्यांत, तुझ्या आवाजात."

"पण आजी, शुक्रवारी..."

"ठाऊक आहे मला. लिही म्हणते ना."

अड्जेली लिहीत गेली. नाव, घराणं, मुलं सात. नातवंडं मोजायचा आजीने कंटाळा केला, "पुष्कळ" म्हणाली. तारखेच्या रकान्यापाशी पेन अडलं.

"मोकळी सोड. मला घाई नाही," आजी म्हणाली. "आता खाली बारीक छापलंय ते वाच. नवऱ्याच्या वेळी नातीने वाचून दाखवलं होतं."

अड्जेलीने वाचलं, "पैसे घेतलेली जाहिरात ठरलेल्या बातमीपत्रातच वाचून दाखवण्यास कार्यालय बांधील राहील. पैसे परत मिळणार नाहीत."

ती थांबली. तीच ओळ तिने पुन्हा, मनातल्या मनात वाचली.

"म्हणजे मी मरेपर्यंत बातम्या चालवणं आलं," आजी म्हणाली. "आणि माझी आई एकशे दोन वर्षांची होऊन गेली, बरं का."

अड्जेलीला हसू आलं आणि डोळेही भरले. तेवढ्यात आजीच्या मागे कुणीतरी खाकरलं. तिने खिडकीतून वाकून पाहिलं. भिंतीकडेच्या बाकांवर बाजारातल्या अकरा बायका ठेवणीतले कपडे घालून, पदरचे पैसे मुठीत धरून बसल्या होत्या.

"ती कोपऱ्यातली आमच्यात सगळ्यांत धाकटी, बासष्टची," आजी म्हणाली. "तिची जरा नीट लिही."

अड्जेलीने कोऱ्या पावतीखाली कार्बन सरकवला.

"या, मावशी," ती म्हणाली. "तब्येत कशी आहे?"