शून्य ते साठ

"आता कोणी हलू नका. बोलू पण नका," मनस्वी म्हणाली. तिने आपला मोबाइल व्हॅनच्या डॅशबोर्डवर चिकटपट्टीने घट्ट बसवला.

मंगळूने हात मांडीवर ठेवले. इंजिन बंद होतं, गाडी दारातच उभी होती, तरी मोबाइलवरचा आकडा वर चढला.

"उभी गाडी पळते काय गो तुजी?" मागून ठमीमामीने विचारलं.

"हितं चढ हाय ना, मामी. मोबाइल तिरका झाला की त्याला वाटतं गाडी सुटली. सपाट रस्ता पायजे."

"म्हंजे चढावर ह्यो पण खोटं बोलतो," मंगळू म्हणाला. कोणी हसलं नाही.

मंगळूच्या बायकोला, गंगीला जाऊन साडेतीन महिने झाले होते. सकाळी भाकऱ्या थापता थापता तिने छातीला हात लावला आणि भिंतीला टेकली. व्हॅन मंगळूची स्वतःचीच, शहापूर-मुरबाड फेऱ्या मारायची. पण पेशंट दवाखान्यात निघाला की घरात थांबायचं नाही, अशी गावाची रीत. जो गाडीत बसत नाही, त्याचं नाव पुढची दहा वर्षं निघतं. गंगीचा भाऊ बारकू बसला, त्याची बायको ठमी बसली, भावकीतली चार माणसं बसली. मनस्वी तर सगळ्यांच्या आधी चढली होती. आईचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

दवाखान्याच्या दारात डॉक्टरने बॅटरी मारून डोळे बघितले. "थोडं आधी आणायला हवं होतं," एवढंच म्हणाला.

त्या 'थोडं'चं बारकूने दहाव्याला पार मोठं करून टाकलं. पिंडाजवळ सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजीनं गाडी हाकलीच नाय. वरातीला नेतात तशी नेली माज्या बहिनीला."

"भरलेली गाडी वढत नव्हती," मंगळू एकदाच म्हणाला. ते कोणी ऐकून घेतलं नाही. मनस्वीनेही नाही. पूर्वी ती बापाला 'तू' म्हणायची. दहाव्यापासून 'तुमी' म्हणायला लागली. मान दिल्यासारखं दिसायचं, पण दोघांनाही माहीत होतं ते काय आहे.

ती आसनगावहून रोज कॉलेजला जायची, डिप्लोमाला होती. गेल्या आठवड्यात तिनेच हे काढलं. मोबाइलच्या पोटात एक बारीक यंत्र असतं, गाडी किती जोराने पुढे ढकलली जाते ते त्याला कळतं. शून्यावरून साठचा वेग घ्यायला किती सेकंद लागले, ते तो सांगतो. एकदा त्या दिवशीची सगळी माणसं घेऊन पळवायची, एकदा नुसतं आईचं वजन घेऊन. "मंग कळंल, तुमी खरं बोलता की मामा."

मंगळू बरं म्हणाला. यंत्र तरी कोणाच्या नात्यातलं नसतं, असं त्याला वाटलं.

शेणव्याच्या पुढे रस्ता सरळ आणि सपाट होता. रविवार सकाळ, रहदारी कमी. गंगीच्या जागेवर तांदळाची गोण आडवी ठेवली होती. मनस्वीने ती घरी काट्यावर तोलून, थोडे तांदूळ काढून, बरोबर सेहेचाळीस किलो केली होती. त्या दिवशी जो जिथे होता, तो तिथेच बसला. बारकू आपली फटफटी झाडाखाली लावून पुढच्या सीटवर आला आणि मंगळूच्या पायावर नजर ठेवून राहिला.

"दाबा दाजी. अंगठा मोडंस्तवर दाबा. मी बगतोय."

मंगळूने पाय पार खाली नेला. इंजिन ओरडलं, गाडी मात्र म्हशीसारखी रेंगाळत निघाली. मोबाइल वाजला.

"अठ्ठावीस," मनस्वी म्हणाली.

बाकीचे सगळे खाली उतरले. आता गाडीत मंगळू आणि गोणच जाणार होती. मनस्वी चिकटपट्टी पुन्हा दाबत होती. पट्टी कधीच बसली होती, तरी ती दाबतच राहिली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "रिकामी गाडी लवकर पळाली तर... बावन्न किलो माजेच होते. मामी म्हनत होती, तू ऱ्हा घरी. मीच ऐकलं नाय."

"उतर आता," मंगळू म्हणाला. "उन्हात नको उभी राहू, झाडाखाली जा."

त्याने गिअर टाकला आणि पाय दाबला. गाडीने अशी उसळी घेतली की त्याची पाठ सीटला चिकटली. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला मोबाइलने सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या गिअरलाच त्याला कळलं. त्या दिवशी ही अशी पळाली असती. पहिल्या वळणाला, पुलाला, नाक्याला, सगळीकडे लवकर पोचली असती. आपण खरं बोलत होतो.

आरशात मनस्वी दिसत होती. झाडाखाली गेली नव्हती. रस्त्याच्या कडेला उन्हातच उभी होती, दोन्ही हात पोटाशी धरून.

त्याने पाय उचलला.

गाडी पुढे जायला बघत होती. तिला धरून, चुचकारून त्याने सावकाश साठवर नेलं. मोबाइल वाजला. गाडी वळवून तो परत आला.

मनस्वीने खिडकीतून आत वाकून आकडा बघितला. दोनदा बघितला.

"सत्तावीस."

"बग!" बारकूने मांडीवर थाप मारली. "एका सेकंदाचा फरक. मानसांचं ओझं म्हने! आता काय बोलता दाजी?"

"काय नाय," मंगळू म्हणाला.

"म्हंजे तुमीच..." मनस्वी थांबली.

"हो. हात गळाले व्हते माजे. भ्यालेलो मी."

ती रडली नाही. तिने एक मोठा श्वास सोडला. साडेतीन महिन्यांत तिचे खांदे असे खाली आलेले त्याने बघितले नव्हते. मग तिने मोबाइल सोडवून घेतला.

"मी मामासंगती जाते."

"जा."

ती बारकूच्या फटफटीवर मागे बसली. बाकीचे व्हॅनमध्ये बसायला तयार नव्हते. चालत जातो म्हणाले.

फटफटी पुढे निघाली, चाळीसच्या वेगाने, खड्डे चुकवत. मागे मंगळूची व्हॅन. रस्ता मोकळा होता. पाठीमागून एक टेम्पो आला, हॉर्न मारून, शिवी घालून पुढे गेला. मंगळूने गाडी तिसऱ्याच गिअरमध्ये ठेवली आणि गाव येईपर्यंत फटफटीच्या मागे मागे येत राहिला.