प्रभू खाली आला

जबलपूरच्या कॅथीड्रलमध्ये हेमचंद्र साळव्यांनी उभं आयुष्य ऑर्गनपुढे बसून काढलं. लग्नं वाजवली, मयती वाजवल्या, आणि मधल्या वेळात मराठी गीतं बांधली. पुढे राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे महाराष्ट्रात गेलं, जबलपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं, आणि बाकांवरची मराठी मंडळी विरळ होत गेली. आता गुडघेही कुरकुरत होते.

पाळकसाहेबांनी गोड बोलून सांगितलं होतं, या नाताळला तुमचं एक मराठी गीत होऊ द्या, शेवटचं. नंतर सगळं हिंदीत.

हेमचंद्रांनी जीव ओतून गीत बांधलं. ‘प्रभू खाली आला’. शब्द सोपे, चाल उड्या मारणारी. देव स्वर्गातून खाली उतरतो ही काय रडायची गोष्ट आहे?

पण तालमीत पोरं रडकीच गात होती. ‘खाली’ आलं की सगळ्यांचे सूर पडायचे.

“सुहासिनी, काहून रडून राहिले हे?” त्यांनी भाचीला विचारलं. गायकवृंद तीच सांभाळायची.

तिने पोरांकडे पाहिलं. पुढच्या रांगेतली लता म्हणाली, “दादाजी, प्रभु खाली आए ना? खाली हाथ. सोना-लोबान तो बाद में दूसरे लोग लाए.”

हेमचंद्रांना आधी संताप आला. घरात मराठी बोलणाऱ्यांची पोरं ही!

“सांगू का मामा त्यांना, खाली म्हणजे नीचे?” सुहासिनी म्हणाली.

लताचे डोळे खरोखरच ओले होते. त्यांच्या गीतावर लोक कित्येक वर्षं नुसते जांभया देत आले होते. हेमचंद्रांना भरून आलं, आणि समजावत बसायचं त्राणही नव्हतं.

“राहू दे,” ते म्हणाले. ऑर्गनच्या मोठ्या आवाजाच्या खुंट्या त्यांनी आत ढकलून बंद केल्या आणि पोरांच्या चालीने, हळू, वाजवू लागले.

नाताळला अख्खं कॅथीड्रल डोळे पुसत होतं. उपासना संपल्यावर पाळकसाहेब धावतच आले. “साळवेजी, यह तो हर साल गाएँगे! सबको समझ में आया. बस, ‘आला’ का ‘आया’ कर दीजिए.”

त्या ओळीत मराठी म्हणून तेवढा एक ‘ला’ उरला होता.

“जी,” हेमचंद्र म्हणाले, आणि तोही देऊन टाकला.