दुसऱ्यांदा पाहिलेली टेकडी

मित्रांनो, तुमच्या डोक्यावरून मी कितीदा तरी गेलो आहे, पण तुम्ही मला पाहिलेले नाही. मी एका कंपनीचा जुना उपग्रह आहे. पांढरे अंगरखे घातलेल्या माणसांनी मला घडवले, श्वास रोखून माझी भिंगे पुसली. मी वरून जमिनीची चित्रे काढायची आणि कंपनीने ती विकायची, हा आमचा धंदा. एका पुरात शाळेच्या छतावर अडकलेली माणसे माझ्यामुळे सापडली, तेव्हा माझे फार कौतुक झाले. पुढे नवे उपग्रह आले. मला वळवण्यासाठी माझ्या पोटात चार फिरती चाके आहेत; त्यांतले एक अडकले आणि मी मागे पडलो.

माझी चित्रे मदतकार्यवाले घेतात, तशी फौजही घेते. मला भीती वाटते ती त्याचीच.

यंदा नदी फुगली. शेजारच्या खोऱ्यात लढाईही चालू होती. मी एका टेकडीचे चित्र पाठवले. चार सरळ रांगांत तंबू, कडेला झाकलेल्या गाड्या. पुढचे मला चित्रे उतरतात त्या केंद्रातल्या संगणकाने सांगितले. तो माझा मावसभाऊच म्हणा.

फौजेचे साहेब म्हणाले, "शत्रूची छावणी दिसतेय. तोफा लावाव्या लागतील."

चित्रे वाचणाऱ्या ताई पुढे झाल्या. "पूरग्रस्तही असतील, साहेब. माझी आई त्याच बाजूला गेलीय. दोन दिवस फोन लागत नाही."

"पूरग्रस्त एवढ्या शिस्तीत राहतात होय?"

"माझ्या आईला तुम्ही ओळखत नाही. ती पुरालासुद्धा रांगेत उभं करील."



"उद्या सकाळच्या चित्रापर्यंत थांबतो," साहेब म्हणाले. "त्यानंतर नाही."

उद्याची माझी वाट त्या टेकडीवरून नव्हती. खूप कलून पाहावे लागणार होते. आणखी एक चाक अडकले असते, तर मी गरगरत सुटलो असतो. शिवाय ढग होतेच. तोवर मी पृथ्वीभोवती पंधरा फेऱ्या मारल्या. दर फेरीला वाटे, ते पहिले चित्र मी काढलेच नसते तर?

सकाळी मी कललो. चाक कुरकुरले. ढगांत जेमतेम टेकडीएवढी फट होती.

ताईंनी नवे चित्र मोठे केले. तंबूंमागच्या उतारावर लाल, पिवळे, निळे तुकडे पसरले होते.

"पांघरुणं वाळत घातलीत," त्या म्हणाल्या. "लपून बसलेली फौज असं करील का?"

साहेबांनी वाकून चित्र पाहिले. मग त्यांनी फोन उचलला. "टेकडी सोडा. तिथे पाणी आणि औषधं पाठवा."

ताईंची आई तिसऱ्या रांगेत सापडली.

पण मित्रांनो, गेल्या वर्षीही मी एका डोंगरावरचे तंबू टिपले होते. दुसरे चित्र कुणी मागितले नाही. पुन्हा तिथून गेलो, तेव्हा जमीन काळी पडली होती. ते तंबू कुणाचे होते, मला आजही ठाऊक नाही.

माझ्या चित्रात माणूस एका ठिपक्याएवढा दिसतो. मोठेपणी तुमच्यापैकी कुणी अशी चित्रे वाचायला बसलात, तर कितीही घाई असली तरी आम्हाला आणखी एक फेरी मारू द्या.